पाणी नांगरतात की काय

चष्मेवाल्याने नवी चौकट माझ्या नाकावर ठेवली, कानामागे नीट बसवली आणि टेबलावरचा पेपर माझ्या हातात दिला. "कुठलीही बारीक ओळ वाचा मावशी, घाई नाही," असं म्हणून तो हाताची घडी घालून उभा राहिला. मी पानाच्या खालच्या कोपऱ्यातली बातमी धरली, कारण वरच्या मोठ्या बातम्या वाचायला चष्मा कशाला लागतो. "साहसी कादंबऱ्यांचे ज्येष्ठ लेखक आता आत्मचरित्र लिहीत असून," मी शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचायला लागले, "कप्तानाच्या नांगरामागची खरी," आणि इथे माझी जीभ अडकली. "पुसट दिसतंय का?" असं विचारून त्याने उत्तराची वाटही न बघता उजवी काच काढून दुसरी घातली. "आता?" "दिसतंय," मी म्हटलं. "मग वाचा की पुढे." "हकीकत," मी वाचलं, "ते प्रथमच वाचकांसमोर उघड करणार आहेत." "फर्स्ट क्लास," तो म्हणाला. बातमीबद्दल नव्हे, काचेबद्दल. मग त्याचंही लक्ष त्या ओळीकडे गेलं आणि चेहरा उजळला. लहानपणी त्याने कप्तानाची झाडून सगळी पुस्तकं वाचली होती, पांघरुणात तोंड खुपसून. "काय डोकं असेल बघा माणसाचं. जहाजावर शेतातला नांगर! कुणाला सुचलं असतं? सगळं जग पालथं घातल्याशिवाय असलं सुचत नाही." मी हो हो केलं. जग पालथं घातलेल्या त्या माणसाने आज सकाळी पंख्यावर बसलेल्या पालीला घाबरून मला न्हाणीघरातून हाक मारली होती, हे त्याला सांगून कशाला त्याचं बालपण नासवायचं.

बाहेर आले तर पायरी आपली जागा सोडून वर आलेली. नव्या चष्म्यात पहिले काही दिवस असंच होतं म्हणे, जमीन जवळ येते. मी कोंबडीसारखी पाय उचलत चालले आणि मनातल्या मनात आमच्या ह्यांच्याशी भांडायला लागले. भांडण मनात केलं की एक सोय असते, समोरच्याची बाजूही आपल्यालाच मांडता येते आणि ती हवी तेवढी पांगळी ठेवता येते. पण आज तेही धड जमेना. त्या ओळीतला 'उघड' हा शब्द दाताखाली आलेल्या खड्यासारखा पुन्हा पुन्हा लागत होता. उघड करणार म्हणजे काय, आणि कुणाला विचारून? लोकांना वाटतं, हे बोलत नसतील तेव्हा होकायंत्र पुसत बसत असतील. आमचे हे रस्ता ओलांडताना माझं कोपर धरतात. मुलगी लहान असताना तिने बागेतल्या तळ्यात होडीत बसायचा हट्ट धरला, तेव्हा होडी काठाला बांधलेलीच होती तरी ह्यांना मळमळायला लागलं, आणि तिकीटवाल्याने ओळखून सही मागितली ती ह्यांनी गवतावर आडवं पडूनच दिली. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदा पाहिला, सत्काराला गेलो होतो तेव्हा, हॉटेलच्या खिडकीतून. जरा वेळ पाहिला आणि म्हणाले, "फार आवाज करतो गं." मग खिडकी लावून घेतली. आणि तरी जहाजावर उभी हयात काढलेली माणसं पत्रं पाठवतात, की तुमचं वादळ वाचताना आम्ही खुर्चीला धरून बसलो होतो. ह्यांचा समुद्र म्हणजे एक प्लॅस्टिकचा टब. लिहायला बसताना त्यात कोमट पाणी घालायचं आणि पाय सोडायचे. पाणी गार झालं की मोहीम थांबते. मी कढत पाणी ओतलं की जहाज पुन्हा चालू. इतकी वर्षं ओततेय. अधूनमधून मला वाटतं, ह्यांची कादंबरी म्हणजे निम्मी माझी गॅसची शेगडी. पण हे सगळं हसण्यावारी न्यायचं बोलणं झालं. तो माणूस मला आवडतो. संसार सुखाचा झाला. म्हणूनच त्या ओळीचा राग इतका आला, नाहीतर रागवायला तरी काय कारण.

नांगराची खरी हकीकत दोनच माणसांना माहीत आहे. तिसऱ्याला होती, पण छापखान्याचे ते मॅनेजर कधीच गेले. मी तेव्हा त्या छापखान्यात मुखपृष्ठं रंगवायला होते, बाविशीची, कोपऱ्यातल्या टेबलावर. टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली जुना ठोकळा. शाईचा आणि खळीचा वास घरी गेल्यावरही केसांतून जायचा नाही. मॅनेजर भयंकर घाईचे. त्यांनी दारातूनच सांगितलं, "नवा लेखक आहे. कप्तान, नांगर, मागे संध्याकाळ. सोमवारी दे." आणि गेले. आता मी वाढले ती समुद्रापासून चारी दिशांनी लांब. माझे वडील सुतार. गावचे सगळे नांगर दुरुस्तीला आमच्याच अंगणात येऊन पडायचे. मला चालायला यायच्या आधी नांगराला धरून उभं राहायला आलं, असं आई सांगायची. त्यामुळे कप्तान कसा असतो हे मी चार चित्रं बघून ठरवलं, संध्याकाळ माझ्या हातचा मळ होती, आणि नांगर तर असा काढला की माझ्या वडिलांनी मान डोलावली असती. फाळावरची माती, लाकडातली गाठ, हाताच्या घामाने काळीभोर गुळगुळीत झालेली मूठ. कप्तान जहाजावर उभा, मागे तांबडं आकाश, आणि त्याचा एक पंजा नांगराच्या मुठीवर. जहाजावर हा नांगर काय करतोय, असा प्रश्न मला पडला नाही का? पडला. पण म्हटलं, गोष्टच तशी असेल. लेखकांचं काय सांगता येतं. मॅनेजरांनी चित्र लांब धरून बघितलं, रंग छान आलेत म्हणाले आणि छापायला दिलं. त्यांचाही चष्मा बदलायला झाला होता बहुतेक.

मग एक दिवस छापखान्याचं दार आपटलं आणि एक काडीपैलवान तरुण हातात मुखपृष्ठ धरून आत आला. इतका बारीक की त्याचा सदराच चालत येतोय असं वाटावं. "हा शेतकरी कोण?" त्याने विचारलं. मॅनेजर एकाएकी कागदांच्या थप्पीमागे कामात बुडाले. शेवटी मीच उठले. "नांगर म्हणालात ना?" मी म्हटलं. "अहो बाई, जहाजाचा नांगर!" "जहाजाला नांगर असतो?" मी अगदी मनापासून विचारलं. "पाणी नांगरतात की काय?" तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता नोकरी गेली. तर त्याच्या पोटातून कुठून तरी एक हसू निघालं, ते वर येईपर्यंत त्याला खाली बसावं लागलं, आणि बसला तो माझ्या आखूड पायाच्या टेबलावरच. ठोकळा सरकला, शाईची दौत उलटली. हसता हसता तो म्हणायला लागला, "थांबा, थांबा, पुसू नका, पाणी नांगरतात की काय, काय म्हणालात तुम्ही, पुन्हा म्हणा." मुखपृष्ठं सगळी छापून झाली होती, ती रद्दीत घालायची कुणाची छाती नव्हती. पुस्तकाच्या शेवटच्या पानांचे खिळे मात्र जुळवायचे राहिले होते. तो तिथेच एका स्टुलावर बसला आणि त्याने कप्तानाच्या जहाजावर नांगर चढवला. खलाशी टिंगल करतात, कप्तान, पाणी नांगरणार की काय? आणि कप्तान म्हणतो, इतकी वर्षं तेच करतोय, एक दिवस जमीनही मिळेल. ते वाक्य पुढे शाळेच्या भिंतींवर लिहिलं गेलं. ते वाचून मी म्हटलं, बरं आहे. आणि लग्नाचं विचारायला तो आला तेव्हाही मी एवढंच म्हटलं, बरं आहे. माझ्या तोंडून जास्तीचं कौतुक निघत नाही, हे त्याला तोवर कळलं होतं.

त्यानंतर पुस्तकांवर पुस्तकं आली. मिठाचं बेट, आंधळा दीपगृहवाला, उलट्या वाऱ्याची खाडी, बर्फात अडकलेलं जहाज. दरेकात कप्तान नांगर घेऊन कुठल्या तरी किनाऱ्यावर उतरतो, मातीत फाळ टेकवतो, आणि काहीतरी विघ्न येतंच. एकदा ज्वालामुखी, एकदा चाचे, एकदा तर जमीन म्हणजे झोपलेलं कासव. लोक पुढच्या पुस्तकाची वाट बघायचे, या वेळी तरी बिचाऱ्याची एक रेघ नांगरून होतेय का म्हणून. विद्वानांनी लेख लिहिले. एक प्राध्यापक रेडिओवर सांगत होते की नांगर म्हणजे माणसाच्या मुळांची ओढ आणि जहाज म्हणजे त्याची अनंताची तहान, आणि हे दोन टोकांचं प्रतीक एकत्र आणणं ही प्रतिभेचीच झेप. आम्ही दोघं पलंगावर बसून ऐकत होतो. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे, आणि मग ह्यांना हसून हसून उचकी लागली ती साखर खाल्ली तरी थांबेना. आमच्या घरात 'नांगर झाला' असा शब्दच पडून गेला. ह्यांनी कात्री मागितली आणि मी पावती आणून दिली, नांगर झाला. जावई सहाला येतो म्हणाला आणि आम्ही चहाला समजलो, नांगर झाला. आमची मुलगी तिच्या ऑफिसातही म्हणते, आज मोठा नांगर झाला. कुठून आला तो शब्द, हे तिलाही माहीत नाही. तिला वाटतं, एखाद्या पुस्तकातलाच असेल. आम्ही कधी सांगितलं नाही. असं ठरवलं वगैरे काही नव्हतं, तोंडावर बोट ठेवलं नव्हतं. झाकली मूठ होती आणि दोघांनाही ती झाकून ठेवायला बरी वाटत होती.

कारण बाकी घरात काही झाकलेलं राहिलंच नाही. ह्यांच्यासारख्या माणसाबरोबर राहायचं म्हणजे आपल्या घरात जे जे होईल ते दोन वर्षांनी समुद्रावर होणार, हे धरून चालायचं. मोरीचा पाइप फुटला आणि मी गुडघाभर पाण्यात चिंध्या कोंबत होते, ते सगळं जहाजाच्या तळघरात गेलं, चिंध्यांसकट. सासऱ्यांचं घोरणं गुहेतल्या राक्षसाला दिलं. घरमालक तर सरळ सरळ जुलमी गव्हर्नर, चामखिळीसकट. माझी नणंद, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, चाच्यांची राणी झाली. आम्ही जीव मुठीत धरून होतो, आता ती घर डोक्यावर घेते की काय. तर बाई पुस्तक काखेत मारून सगळ्या नात्यात फिरून आली, आणि तेव्हापासून जेवायला आली की विचारते, "पुढच्यात मी आहे ना रे? आणि मला मारू नकोस हं." हसायचंच सगळं. मुलीच्या वेळच्या माझ्या कळांचं वादळ झालं, तेही मी चालवून घेतलं, उलट दोनतीन दुरुस्त्याही सुचवल्या, कारण मधल्या उसंती त्यांनी फार मोठ्या धरल्या होत्या. माझं दुसरं मात्र पोटातच गेलं. दिवस भरत आले होते. त्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही आणि ह्यांनीही विचारलं नाही, नुसते रोज पायाशी बसायचे. आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात एका प्रकरणात कप्तान फुटलेल्या होडीची एक लहानशी फळी कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसतो, आणि सकाळी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडतो. ते मी मुद्रितं तपासायला बसले तेव्हा वाचलं. पुरं वाचलं, एक काना सुटला होता तो लावला, मग उठून खोलीत जाऊन कडी लावली. वाचकांची पत्रं पोत्याने आली. माणसं रडली, आया रडल्या. कप्तानासाठी रडली. मला वाटायचं, माझं रडणं कुणीतरी माझ्या हातातून काढून नेलं आणि गावभर वाटलं. पुढे कळत गेलं, की ह्यांना दुसरं रडताच येत नव्हतं, त्यांना तिथूनच वाट होती. कळलं तसा राग गेला. पण गेलेली वस्तू परत आली नाही. ते आता पुस्तकातलं आहे, घरातलं नाही. आठवायला गेले की मला आधी फळी दिसते.

म्हणून नांगर द्यायचा नाही. जिन्याच्या पहिल्या वळणावर धाप लागून थांबले तेव्हा हे मला असं लख्ख कळलं, कठड्याचा गार लोखंडी नळ हातात होता आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. त्या दिवशीची उलटलेली दौत, टेबलावर बसलेला तो बारीक मुलगा, त्याचं ते पोटातून आलेलं हसू, एवढं अजून छापलं गेलेलं नाही. ते आठवलं की अजून मला ते जसंच्या तसं दिसतं, मध्ये कप्तान येत नाही. लिहिलं की येणार. आणि मग आम्हा दोघांकडे आपलं असं काय राहणार, दोन कवळ्या आणि औषधांचा डबा. मला हसू आलं, पण डोळे भरलेच. नव्या काचांवर पहिल्याच दिवशी पाणी. चष्मेवाला म्हणाला असता, पुसट दिसतंय का.

दार उघडून आत गेले तर हे खिडकीपाशी लिहायला बसले होते, पाय टबात, कानामागे एक पेन आणि ते शोधण्यासाठी टेबलावरची उलथापालथ चालू.

"ऐकलंस का, पाणी गार झालंय," हे म्हणाले. मग वर बघून, "अरे वा. नवा चष्मा. मास्तरीणबाई दिसतेस."

"पेन कानामागे आहे," मी म्हटलं. "आणि पेपरात काय आलंय ते?"

त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला, पण खूश चोराचा. "अगं, तो प्रकाशक. त्याला दम निघत नाही. मी तुला संध्याकाळी वाचूनच दाखवणार होतो. बस ना. आजच त्या प्रकरणापाशी आलोय." त्यांनी ओला हात सदऱ्याला पुसला आणि घसा साफ केला, जे ते फक्त भाषणाच्या आधी करतात. "इतकी वर्षं श्रेय मी खाल्लं. नांगर तुझा, ते वाक्य तुझं. लोक मला डोक्यावर घेतात आणि तू तिकडे पाणी तापवतेस. आता सगळं लिहिणार आहे. छापखाना, ती दौत, तू काय म्हणालीस, सगळं. तुझं चित्रही छापणार आहेत, मोठ्ठं." आणि डोळे टिपायला लागले.

आता या माणसावर रागवायचं तरी कसं. मनातल्या भांडणात त्यांनी असं काही म्हटलंच नव्हतं. तिथे ते विसरभोळे होते, आपमतलबी होते, प्रकाशकाला भुलले होते. इथे ते मला ओवाळणी घालत असल्यासारखे बसले होते, आणि मी ताटात नको म्हणून हात आडवा करायला आलेली. मी शेगडीवर पाणी ठेवलं, तापेपर्यंत तिथेच उभी राहिले. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले. मग पाणी आणून टबात ओतलं आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"मला श्रेय नको," मी म्हटलं. "मला नांगर हवाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो लिहायचा नाही."

"अगं पण खरं आहे ते. आयुष्यात एवढं एकच तर खरं घडलंय माझ्या."

"म्हणूनच." मला वाटलं होतं आवाज चढेल, पण चढला नाही. "तुम्ही फळीचं लिहिलंत. मी काही बोलले नाही तेव्हा. आता बोलते. ते माझं होतं, आणि ते तुमच्या पुस्तकात गेलं, आणि आता मला ते सापडत नाही. तुमचा दोष नाही म्हणत. तुम्हाला तसंच जमत होतं. पण हे एक राहू दे. हे लोकांना कळलं की त्यांचं होईल. पोरं नाटकात करतील. मी म्हणून कुणी दुसरीच बाई उभी राहील, आणि ती माझ्यापेक्षा चांगलं बोलेल. मग मला तीच आठवेल."

हे टबातल्या पाण्यात पायाची बोटं हलवत राहिले. मग म्हणाले, "फळीचं तुला तसं झालं, हे मला माहीत होतं. तू कडी लावलीस तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, तू म्हणालीस तर काढून टाकीन. तू काना लावून परत दिलंस." आणि थोड्या वेळाने, "मी बाहेर बसलो होतो, दाराशी." हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बोटांवर शाई होती, नखांत होती, नेहमी असते, साबणाने जात नाही. नव्या चष्म्यात ती फार स्पष्ट दिसत होती, सुरकुत्यासुद्धा, आणि मला त्या हाताचा इतका लोभ वाटला की मी तो सरळ धरला. आमच्यात असं फारसं होत नाही. रस्ता ओलांडताना सोडून.

"बरं," ते म्हणाले. "नाही लिहीत. पण मग तिथे काय लिहू? पेपरात छापून बसलेत, खरी हकीकत."

"दुसरं काहीतरी लिहा. तुम्हाला काय अवघड आहे. कासवावर माणसं चालवलीत तुम्ही."

"ते कप्तानाच्या बाबतीत. स्वतःबद्दल मला खोटं लिहिता येत नाही. लाज वाटते." त्यांनी खरंच प्रयत्न केला. दोन ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या. एकदा स्वप्नात नांगर आला, असं काहीतरी होतं. मी नुसतं बघितलं. त्यांनी कागद चुरगळला. पुन्हा लिहिलं, एका साधूने सांगितलं म्हणून. मी म्हटलं, "साधू कशाला मध्ये." तोही चुरगळला. एवढा मोठा लेखक पेन चावत बसला होता आणि खिडकीबाहेर कुणाचा तरी टॉवेल वाऱ्याने दोरीवर गुंडाळला जात होता. मी त्या टॉवेलाकडे बघत होते. आयुष्यात मी काही रचलं नाही. माझं काम म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं नीट रंगवणं, आणि काने-मात्रा लावणं. पण तोंड उघडलं आणि आतून आलं.

"लिहा," मी म्हटलं. "एका बंदरावर एक बाई होती."

"मी बंदर कधी बघितलंय?"

"बघितलंत. लिहा. बंदरावर मच्छीचा वास होता, आणि दोरांच्या गुंडाळ्यांवर मांजरं झोपली होती. धक्क्याच्या कडेला एक तरुण बाई नांगर घेऊन बसली होती. शेजारी बोचकं नाही, पेटी नाही, नुसता नांगर. जहाजं येत होती, तिला विचारत होती, कुठे जायचंय? ती म्हणायची, जिथे जमीन असेल तिथे. लोक म्हणायचे, बाई, वेडी का खुळी तू, असल्या लाकडाला आमच्याकडे जागा नाही. आणि जायचे."

पेन चालायला लागलं होतं. त्यांनी मान खाली घातली होती, मानेवरचे पांढरे केस कापायला झालेत हे मला दिसत होतं, आणि मी बोलत होते. काय मजा असते, हे मला आज कळत होतं. बंदर माझ्यासमोर होतं. वारा होता, ओठांवर मीठ येत होतं. मी धक्क्यावर कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण कुठला दगड सुटा आहे हे मला माहीत होतं. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं टबात पाय घालून इथे येत होता तर. आणि मला वाटायचं, तो घरातच आहे.

"तिने रुमाल बांधला होता का डोक्याला?" त्यांनी न बघता विचारलं.

"होता. पण वाऱ्याने मागे पडला होता. आणि नांगराची मूठ लिहा. काळीभोर, घामाने गुळगुळीत झालेली. ती मधून मधून तिच्यावरून हात फिरवायची."

"मग मिळालं का तिला जहाज?"

"नाही. तुम्ही तिच्याशी बोलायला गेलात. तुम्ही तेव्हा काडीपैलवान होतात, तेही लिहा. तुम्ही विचारलंत, कंटाळा येत नाही का इथे बसून? ती म्हणाली, नाही. रोज कुणीतरी येऊन हसवून जातं. तुम्ही तिथून निघालात, पण ती बाई काही तुमच्या डोक्यातून गेली नाही. म्हणून तुम्ही तिचा नांगर कप्तानाला दिलात, निदान त्याचं जहाज तरी नाही म्हणणार नाही."

हे लिहीत राहिले. शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळं पहिल्यापासून वाचून काढलं, ओठ हलवत. मग माझ्याकडे बघितलं. ते असे माझ्याकडे एकदाच बघत बसले होते, त्या टेबलावर.

"हे अगदी खरं वाटतंय गं," ते म्हणाले.

"वाटणारच," मी म्हटलं. "मी होते ना तिथे."